कंधारच्या पत्त्यावर आलेला गंधार

जुने मासिक उघडण्याआधी त्याच्याभोवती गुंडाळलेली पट्टी पाहावी. माझ्या गुरुजींच्या लोखंडी पेटीत मिरजेच्या ‘संगीत कला विहार’चे जे अंक निघाले, त्यांतल्या एकावर ती तपकिरी कागदाची पट्टी अजून शाबूत होती, डिंकाची कड सुटलेली, टपालाचा शिक्का अर्धा पट्टीवर आणि अर्धा मुखपृष्ठावर उमटलेला, आणि मधोमध टाकाने लिहिलेल्या तीन ओळी : गुरुजींचे नाव, त्याखाली ‘संगीत शिक्षक’, आणि त्याखाली ‘मु. पो. कंधार, जि. नांदेड’. घराचा क्रमांक नाही, गल्ली नाही. गाणे शिकवणारा माणूस कंधारात पोस्टमनला शोधावा लागणार नव्हता. मिरजेच्या कुणा लेखनिकाने दिवसभरात असे कितीतरी पत्ते लिहिले असतील. तरी प्रत्येक पट्टीवर तो एकाच माणसाचे नाव लिहीत होता. मासिक छापले जाते पुष्कळांसाठी आणि पोचते मात्र एकेकाच्याच दारी, हे त्या पट्टीकडे पाहताना किती सहज उमगते! मिरज, सोलापूर, लातूर, अहमदपूर अशा वाटेवरच्या गावांना मागे टाकत, रेल्वे न आलेल्या आमच्या गावात एसटीतून उतरलेला तो अंक, जगत्तुंग तलावावरून येणाऱ्या वाऱ्याला पाठ देऊन गुरुजींनी ओसरीवर उघडला असेल. आपणही तो तसाच, घाई न करता उघडू.

आपल्या जुन्या शास्त्रकारांची एक रीत मला फार आवडते. ग्रंथाला हात घालण्यापूर्वी ते चार गोष्टी सांगून टाकत : विषय कोणता, प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध कसा, आणि हा ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण. ‘अधिकारी’ या शब्दाला आज कचेरीचा वास आहे. पण तेथे त्याचा अर्थ किती आर्जवी आहे! ज्याला या विद्येची तहान लागली आहे आणि ती पिण्याची ज्याची तयारी झाली आहे, तो अधिकारी. ग्रंथ कुणासाठी, हा प्रश्न छापखान्यांनी किंवा वर्गणीदारांच्या याद्यांनी प्रथम विचारलेला नाही. आमच्या मराठवाड्याच्याच मातीत, देवगिरीला, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी हिशेबाचे खाते सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन अशा सात अध्यायांतून तोही आपल्या अधिकाऱ्यालाच हाक मारत होता. मात्र त्या हाकेला संस्कृत जाणणाराच ओ देऊ शकत होता. कंधारच्या पत्त्यावर आलेल्या या अंकाने हाक मारली ती वेगळ्या माणसाला, आणि त्याची कुळकथा लाहोरला सुरू होते.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी शोभेच्या दारूने अधू झाली. शाळेची वाट अंधुक झाली, म्हणून मुलाला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला ठेवले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्याच विष्णुबुवांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे शिकवण्याबरोबर गाणे छापण्याचा ध्यास घेतला. छापखाना घातला, स्वरलिपीतली क्रमिक पुस्तके काढली, ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. आपण या गोष्टीपाशी थोडे थांबावे. ज्याचे डोळे अधू, त्याने गाणे डोळ्यांना दिसेल असे केले! त्याआधी गाण्याचा श्रोता ठरलेला असे : दरबार, देवडी, देवालय, नाटकाचे थिएटर. जो त्या जागी हजर, त्याचे गाणे. छापलेल्या गाण्याला असा हजर माणूस लागत नाही. ते अशा माणसाला शोधत निघते, जो मैफिलीत नव्हता, ज्याच्या गावी मैफल झालीच नाही, ज्याला उस्तादांनी कधी पाहिलेले नाही. अनुपस्थित माणसाला श्रोता मानण्याची ही कल्पना केवढी मोठ्या मनाची आहे! बुवांनी तिच्यापायी पुष्कळ सोसले. मुंबईची त्यांची वास्तू कर्जापोटी लिलावात गेली. १९३१ साली मिरजेला ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. पुढे १९४७ साली या मंडळाचे मासिक निघाले, ते ‘संगीत कला विहार’.

नावाकडेही पाहा. संगीत, कला, विहार. शेवटचा शब्द मोकळ्या हवेत नेणारा आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या मुखपत्राला तो सुचावा, यात मला संपादकांचे मन दिसते.

पण १९४७ साली कंधार स्वतंत्र भारताच्या नकाशात नव्हते. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. शाळेत शिक्षणाची भाषा उर्दू. गुरुजी त्या शाळेत शिकलेले, त्यामुळे हिशेब, आठवणी, उधारीचे आकडे सारे ते उर्दू अक्षरांत लिहीत आणि अभंग मात्र मराठीत म्हणत. मिरजेच्या संपादकांनी मनाशी धरलेल्या वाचकाच्या चित्रात असा माणूस असेल का, कुणास ठाऊक. तरी त्याच्या नावाची पट्टी निघाली, आणि उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या हातात डावीकडून उजवीकडे वाचायचे स्वर येऊन पडले.

आता ते पान. स्वरलिपीचे पान दुरून पाहिले तर ओट्यावर निगुतीने मांडलेल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दिसते. वर स्वरांची ओळ, तिच्याखाली बंदिशीच्या शब्दांची अक्षरे सुटी सुटी मांडलेली, त्याखाली मात्रांचे आकडे, आणि मध्ये तालाच्या विभागांच्या उभ्या रेघा. आपण सगळे पान एकदम पाहायचे नाही. एकच अक्षर घेऊ, ‘ग’. गंधार. कंधारात राहणाऱ्याने दुसरे कोणते अक्षर घ्यावे?

साधा ‘ग’ म्हणजे शुद्ध गंधार. भूपात ऐकतो तो, सकाळच्या उन्हासारखा स्वच्छ, कुणाच्याही आधाराशिवाय उभा राहणारा. आता भीमपलासाकडे किंवा बागेश्रीकडे वळा. तिथला गंधार कोमल. दुसरे विष्णु, म्हणजे भातखंडे, यांच्या पद्धतीत त्याला दाखवायचे तर अक्षराच्या पायाशी एक आडवी रेघ ओढतात. जणू ‘ग’ उभा होता तो चटईवर बसला. पलुस्करांच्या पद्धतीत त्याच स्वराला पाय मोडतात, ‘ग्’, आपण व्याकरणात व्यंजनाचा पाय मोडतो तसा. किती वेगळ्या जातीच्या या दोन प्रतिमा! एक स्वराला टेकायला जागा देते. दुसरी त्याचा थोडा भार काढून घेते. कोमल स्वर गाताना गळ्याला या दोन्ही गोष्टी जाणवतात, हे गाणाऱ्या माणसाला सांगायला नको. स्वर उतरतो आणि हलकाही होतो. ज्या दोन विष्णूंनी आपले संगीत कागदावर आणले, त्यांच्या बोटांनी एकाच गंधाराचे दोन निरनिराळे अनुभव टिपले आहेत असे मी मानतो.

यापुढची गंमत डोक्यावरच्या टिंबाची आहे. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वरावर टिंब आले की तो तार सप्तकातला, टिंब खाली आले की मंद्रातला. उंच ते वर, खोल ते खाली. विहिरीच्या काठावर वाढलेल्या कुणालाही पटेल अशी मांडणी. पलुस्करांच्या पद्धतीत मात्र मंद्र स्वराच्या डोक्यावर टिंब आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. म्हणजे तेच टिंब, त्याच जागी, एका पुस्तकात गळ्याला वर नेणारे आणि दुसऱ्यात खाली उतरवणारे. तीच उभी रेघ भातखंड्यांच्या मध्यमावर आली की मध्यम तीव्र होतो, यमनातला. आणि तालाच्या खुणा? भातखंड्यांची फुली समेवर पडते. पलुस्करांचे अधिकचे चिन्ह ‘खाली’वर. भरलेली जागा आणि रिकामी जागा, दोघींच्या कपाळी दिसायला जवळजवळ सारखेच कुंकू! मंडळाच्या परीक्षार्थीला दोन्ही पद्धती शिकाव्या लागतात, आणि म्हणून गावोगावचा शिक्षक पान उघडल्याबरोबर आधी पाहतो की हे कुठले घर आहे, कुणाच्या चालीरीतीने इथे वागायचे आहे.

गुरुजींच्या अंकांत पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. काही पानांवर त्यांनी डोक्यावरचे टिंब हलक्या रेघेने खोडून ते पायाशी दिले आहे. मुलांना शिकवायच्या आधी रात्री बसून त्यांनी एका विष्णूची भाषा दुसऱ्याच्या भाषेत उतरवून घेतली असणार. टोकदार पेन्सिल, कंदील, आणि टिंब इकडचे तिकडे होऊ नये म्हणून धरलेला श्वास. छापून आलेले मासिक वाचकाच्या हाती पुन्हा एकदा लिहिले जाते, याची इतकी नाजूक साक्ष मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि ते अवग्रहाचे चिन्ह, ‘ऽ’. स्वर लांबला की स्वरांच्या ओळीत आडवी रेघ येते. शब्दातले अक्षर लांबले की खालच्या ओळीत ‘ऽ’ येतो. संस्कृतात हे चिन्ह जिथे ‘अ’ लोपला तिथे देतात. गेलेल्या स्वराची ती खूण. स्वरलिपीने ते उचलले आणि रेंगाळणाऱ्या स्वराला दिले. आपल्या कथाकारांनीही कुणी शेताच्या बांधावरून हाक मारली की ते असेच लावले. एका मात्रेत एक ‘ऽ’, दुसऱ्या मात्रेत आणखी एक, अशी त्यांची माळ विलंबित ख्यालाच्या पानावर लागते, तेव्हा त्या पानावर शब्दांपेक्षा त्यांच्यामधली वाटच अधिक दिसते. विलंबित गाणे असेच असते ना?

या सगळ्या खुणा छापल्या कशा असतील, याचा विचार करून पाहा. खिळ्यांचा काळ. जुळाऱ्यापुढे अक्षरांच्या खणांची लाकडी केस, एका हातात जुळणीची पट्टी. साध्या मराठी मजकुराला काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे यांतूनच त्याची सुटका नसते; इथे वर टिंब, खाली रेघ, मात्रेच्या खाली कंस, आणि स्वराखाली नेमके त्याच स्वराचे अक्षर यायला हवे. एक खिळा अर्ध्या गव्हाने सरकला तर सम चुकली. कंधारात बसलेला विद्यार्थी ती चुकलेली समच पाठ करणार, कारण त्याला दुरुस्त करायला जवळ कुणी नाही. प्रुफे तपासणाऱ्याला हे ठाऊक असले पाहिजे. दैनिकातले एखादे अक्षर चुकले तर वाचक हसून पुढे जातो. येथे चुकलेले टिंब कुणाच्या तरी गळ्यात जन्मभर राहू शकते. ज्याच्यासाठी छापतो आहोत त्याला दुसरा आधार नाही, ही जाण त्या पानाच्या प्रत्येक सरळ ओळीत मला दिसते, आणि त्या न पाहिलेल्या जुळाऱ्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

याच पेटीत, अंकांच्या खाली, दुसरीही पुस्तके होती. हाताच्या पंज्याएवढी, दोन टाचण्या मारलेली, रंगीत मुखपृष्ठाची गाण्यांची पुस्तके. माळेगावच्या यात्रेतून आणलेली. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची ही यात्रा भरते. आज ते गाव लोहा तालुक्यात आहे, पण कंधारकरांच्या पायाखालचे. घोडे, गाढवे, उंट, गुरे यांचा बाजार, वाघ्या-मुरळींचे जागरण, तमाशाच्या राहुट्या, आणि त्या गर्दीच्या कडेला चादरीवर मांडलेली ही पुस्तके : भजने, भारुडे, खंडोबाची गाणी, सिनेमाची गाणी. त्यांत स्वरलिपी नाही. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर मात्र एक ओळ असते, ‘चाल’, आणि पुढे दुसऱ्या एखाद्या प्रसिद्ध गाण्याचे नाव.

‘चाल’ हा दोन अक्षरांचा शब्द केवढा विश्वास टाकतो पाहा! प्रकाशक म्हणतो, ते गाणे तुझ्या कानात आहेच. मी नुसते नाव घेतो, तू उचल. त्याचा वाचक अडाणी नाही. त्याचा कान भरलेला आहे, ओसंडतो आहे, आणि जुन्या चालीवर नवे शब्द चढवायला त्याला एक इशारा पुरतो. स्वरलिपीचा प्रकाशक ज्याला मनाशी धरतो, त्याने ते गाणे ऐकलेलेच नाही, म्हणून तो त्याला एकेक मात्रा मोजून देतो. यात्रेतले पुस्तक ओळखीच्या माणसासाठी, मिरजेचे मासिक अनोळखी माणसासाठी. आणि आमच्या गुरुजींसारखा माणूस दोन्हींचा गिऱ्हाईक. सकाळी तो मुलांना मात्रा मोजायला लावी आणि एकादशीच्या रात्री भजनी मंडळात ‘चाल’ बघून पखवाजवाल्याकडे नुसती मान हलवी. प्रकाशकांनी आपापल्या मनात दोन वाचक कल्पिले होते. कंधारात ते दोघे एकाच सतरंजीवर बसलेले होते.

कानाची ही श्रीमंती कंधारला नवी नाही. हाजी सय्याह सरवरांच्या दर्ग्यात उरुसाला कव्वाली व्हायची आणि ती ऐकायला आमच्या वाड्यातली माणसे जायची. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात नित्य कीर्तन चालते. आणि ज्या ग्रंथाला १७०८ साली त्याच नांदेडात गुरूचे स्थान दिले गेले, त्या ग्रंथातल्या पदांची मांडणीच रागांनुसार आहे, एकतीस रागांची. राग हाच जिथे ग्रंथाचा क्रम, असा ग्रंथ घरापासून पन्नास-साठ किलोमीटरवर असताना ‘संगीताचा वाचक’ ही कल्पना आम्हांला परकी कशी वाटावी?

आता पानांचा दुसरा भाग, ज्याच्यासाठी मी हे अंक पुन्हा पुन्हा काढतो. प्रा. बा. र. देवधरांचे लेख. मिरजेत १९०१ साली जन्मलेले, विष्णुबुवांचे शिष्य, मुंबईत स्वतःची गायनशाळा चालवणारे, कुमार गंधर्वांना लहान वयात शिकवणारे हे देवधर मासिकाचे संपादक होते. कोणत्या घराण्यातला विद्यार्थी आपल्याकडे येतो हे न पाहता सर्व घराण्यांच्या उस्तादांकडे ते स्वतः शिष्यासारखे जाऊन बसले, त्यांचे ऐकले, विचारले, आणि मासिकातून लिहिले. त्या लेखांतूनच पुढे ‘थोर संगीतकार’ हे पुस्तक झाले. अल्लादिया खाँ, रहिमत खाँ, अब्दुल करीम खाँ, बडे गुलाम अली, सिंदे खाँ, अशी माणसे त्यात आपापल्या लकबींसह येऊन बसतात.

या लेखांची गोडी कशात आहे? देवधर उस्तादाला मखरात बसवत नाहीत. तो काय खातो, कुठे राहतो, कशावर रुसतो, कोणती तान कशी सांगतो, कुणाविषयी किती आदराने बोलतो, हे सारे ते जवळच्या जागेवरून दाखवतात. रहिमत खाँसारखा भूगंधर्व छत्रे यांच्या सर्कशीच्या आश्रयाने राहिला, ही हकीकत आपण वाचतो तेव्हा गाणाऱ्या माणसाचे एकाकीपण आणि त्याला सांभाळणाऱ्यांची माया दोन्ही एकदम कळतात. सिंदे खाँसारखा फकिरी वृत्तीचा गवई आपल्याला भेटतो तो या लेखांमुळेच. त्याच्याकडे किती विद्या होती हे मुंबईच्या रस्त्यावर त्याला पाहणाऱ्यांना उमजले नसते. आणि हे सारे कुणासाठी लिहिलेले आहे? मुंबईच्या रसिकाला हे उस्ताद रात्री थिएटरात ऐकायला मिळाले होते. कंधारच्या शिक्षकाला नव्हते. त्याला बैठकीची जागा मिळाली ती या गद्यात. स्वरलिपीचे पान त्याला राग देत होते आणि देवधरांचे पान रागाभोवतीची माणसे देत होते. पहिल्याशिवाय त्याचा गळा अडला असता, दुसऱ्याशिवाय त्याचे मन.

म्हणून या मासिकाला निव्वळ परीक्षार्थींचे मासिक म्हणणे मला पटत नाही, जरी त्याची वर्गणी परीक्षेच्याच वाटेने बरीच आली असेल. परीक्षांच्या सूचना त्यात असत, आणि त्यांची मला आडकाठी वाटत नाही. ती नावेच आधी म्हणून पाहा : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. दारापर्यंत येणे, उंबरा ओलांडणे, घराच्या मध्यावर पोचणे, जाणते होणे, आणि मग शेवटी अंगावर दागिना. आमच्याकडची मुले नांदेडच्या केंद्रावर परीक्षेला जात, वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. हार्मोनियम मांडीवर घेऊन पहाटेच्या एसटीत बसलेला गुरुजींचा ताफा मी त्यांच्यातलाच एक म्हणून पाहिलेला आहे. अहमदपूरच्या बाजूने आलेल्या मुली, लोह्याची मुले, सर्वांच्या हातात एकच अंक, पाने दुमडलेली, आणि गाडीच्या खडखडाटात त्रितालाचे बोल चाललेले. त्या गाडीत मासिकाचा संपादक कधी बसला नव्हता. पण त्याने मनाशी धरलेला वाचक त्या गाडीत बसलेला होता.

पेटीत हाथरसचा ‘संगीत’ही होता, तीन-चार अंक. प्रभुलाल गर्ग, म्हणजे आपले विनोदी कवी काका हाथरसी, यांनी तिथे संगीत कार्यालय उभारले आणि १९३५ पासून हे हिंदी मासिक चालवले. भातखंड्यांच्या मराठी ग्रंथांना हिंदीत आणून देशभर पोचवणारे तेच. एकेका विषयाला वाहिलेले त्यांचे जाडजूड विशेषांक शिक्षक जपून ठेवत. हाथरसचा वाचक अधिक पसरलेला, त्यात बँजो वाजवणारा, सिनेमाच्या गाण्याची स्वरलिपी हवी असणाराही; मिरजेचा वाचक मंडळाच्या छत्राखालचा, घरचा. मला दोघेही हवेत. तरी गुरुजींच्या पेन्सिलीच्या खुणा सर्वांत दाट आहेत त्या मिरजेच्या अंकांवर, आणि त्यांतही एका पानावर, दरबारी कानड्याच्या.

दरबारीचा गंधार. इथे येऊन छापखान्याची सगळी विद्या हात जोडते. हा गंधार कोमलाहूनही उतरलेला, आणि एका जागी थांबत नाही. मध्यमाच्या आधाराने तो हलत राहतो, सावकाश, भार घेऊन, आणि मग ऋषभावरून षड्जाला येतो. पायाशी रेघ द्या, पाय मोडा, वर लहरीची खूण द्या. डोळ्यांना ‘ग’ दिसतो, त्याचे हेलावणे दिसत नाही. मासिकाने प्रामाणिकपणे शेजारी शब्दात लिहिले, आंदोलित. पण ‘आंदोलित’ म्हणजे किती, कुठून कुठे, हे त्या काळी एक परभणीचे आकाशवाणी केंद्र रात्री उशिरा कधीमधी सांगे. तेही बॅटरी चांगली असली तर.

त्या पानाच्या समासात, छापील ‘ग’च्या अगदी शेजारी, गुरुजींनी उर्दूत एक शब्द लिहिला आहे. स्वर डावीकडून येतात, तो शब्द उजवीकडून येतो, आणि दोघे त्या गंधारापाशी भेटतात. मला उर्दू येत नाही. पुष्कळ वर्षे मी त्या शब्दाकडे नक्षीसारखा पाहत राहिलो. एखाद्या रागाच्या अंगाचे नाव असेल, एखाद्या उस्तादाचे असेल, असे मनाशी म्हणत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात अंकांना ऊन दाखवायला काढले होते, तेव्हा उर्दू शाळेतून निवृत्त झालेले शेजारचे मास्तर ओसरीवर आले. मी पान त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेले, आणि हसले.

“झूला,” ते म्हणाले. “झूला लिहिलंय की हो, सर. गाण्याच्या पुस्तकात झूला कशाला लिहिला तुमच्या गुरुजींनी?”

मी बाजाची पेटी ओढली आणि कोमल गंधाराच्या पट्टीवर बोट ठेवले. पण पेटीची पट्टी जिथे आहे तिथेच राहते. तिच्यातून तो हेलकावा निघेना. मग भाता मिटला, षड्ज धरला, आणि मास्तरांना तो गंधार गाऊन दाखवला.